हेल्मेट घालावे, पण सक्ती करावी का?

प्रश्न: मी रोज कामावर सायकलने जातो. हेल्मेटमुळे डोक्याला होणाऱ्या इजा ८५ टक्क्यांनी टळतात, असे एके ठिकाणी वाचले. हेल्मेटसक्तीने सायकलस्वारांचे फारसे भले झाले नाही, असे दुसरीकडे. दोघेही संशोधनाचाच हवाला देतात. खरे कोणाचे मानावे?

उत्तर: दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, कारण पहिला अभ्यास पडलेल्या माणसाविषयी बोलतो आणि दुसरा कायद्याविषयी.

८५ टक्क्यांचा आकडा १९८९ साली अमेरिकेतील सिएटल येथे झालेल्या अभ्यासातला आहे. डोक्याला मार लागलेल्या सायकलस्वारांपैकी कितींनी हेल्मेट घातले होते आणि अपघात होऊनही डोके शाबूत राहिलेल्यांपैकी कितींनी, अशी ती तुलना होती. या पद्धतीतली अडचण अशी की, स्वतःहून हेल्मेट घालणारा माणूस बहुधा अन्य बाबतींतही जपून वागणारा असतो. त्यामुळे त्याच्या सावधपणाचे काही श्रेय नकळत हेल्मेटच्या खात्यावर जमा होते. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात डोक्याच्या इजांची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर इजांची त्याहून अधिक प्रमाणात घटलेली दिसली. निम्म्याने घट ही काही लहान गोष्ट नव्हे. तरीही प्रचारपत्रकांत जुनाच मोठा आकडा मिरवतो, कारण तो लक्षात राहतो.

हेल्मेटकडून अपेक्षा किती ठेवावी, हे त्याच्या चाचणीवरून कळते. युरोपीय मानकानुसार ते सपाट ऐरणीवर सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने आपटले जाते. सायकलवरून तोल जाऊन डोके जमिनीवर आदळण्याचा हा वेग आहे. भरधाव मोटारीच्या धडकेचा विचार या चाचणीत नाही.

कायद्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण कायदा जो कधीच पडत नाही त्यालाही लागू होतो आणि त्यातले काही जण सायकलच सोडून देतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जुलै १९९० मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर डोक्याच्या इजा कमी झाल्या. पण रस्त्यावर केलेल्या मोजणीत सायकलवरची मुलेही, विशेषतः किशोरवयीन, बरीच कमी आढळली. त्याच सुमारास तिथे वेगमर्यादा मोडणे आणि मद्यपान करून गाडी चालवणे यांविरुद्ध मोठी मोहीम चालू होती. इजा घटण्याचे श्रेय हेल्मेट, घटलेल्या सायकली आणि शुद्धीवर असलेले मोटारचालक यांच्यात कसे वाटावे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. शिवाय जो सायकल सोडतो त्याचा व्यायामही सुटतो आणि ते नुकसान अपघातांच्या नोंदीत कुठेच दिसत नाही. माझे मत विचाराल तर हेल्मेट घालावे, सक्ती करू नये.

मोटारचालक हेल्मेटधारी सायकलस्वाराच्या अधिक जवळून जातात, हेही तुमच्या कानावर आले असेल. ब्रिटनमधील इयान वॉकर यांनी सायकलला अंतरमापक लावून दोन हजारांहून अधिक वाहनांची अंतरे नोंदवली आणि २००७ साली हा निष्कर्ष मांडला. फरक सरासरी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास होता. २०१३ साली इतर संशोधकांनी त्याच नोंदी घेऊन एक मीटरपेक्षा जवळून गेलेल्या वाहनांपुरता हिशेब केला, तेव्हा हेल्मेटचा ठळक परिणाम दिसला नाही. मला त्या निष्कर्षाइतकेच मोल याचे वाटते की, वॉकर यांनी आपल्या नोंदी इतरांना खुल्या ठेवल्या होत्या.

प्रश्न: सायकली वाढल्या की प्रत्येकाचा धोका आपोआप कमी होतो का?

उत्तर: ‘आपोआप’ या शब्दाला माझी हरकत आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ साली अनेक शहरांची व देशांची आकडेवारी तपासली. तिच्यानुसार सायकलस्वार दुप्पट झाले तर एकूण इजा दुप्पट न होता साधारण एक तृतीयांशाने वाढतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा धोका तितक्याच प्रमाणात घटतो. मात्र सायकली वाढल्यामुळे रस्ता सुरक्षित झाला की सुरक्षित रस्ता पाहून सायकली आल्या, हे या आकड्यांतून कळत नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत शेकडो मुले होती. त्यावर पालक रस्त्यावर उतरले. पुढच्या दशकांत मोटारींपासून वेगळ्या सायकल मार्गिका बांधल्या गेल्या आणि वस्त्यांमधला मोटारींचा वेग उतरवला गेला. आज तिथे बहुतेक लोक हेल्मेटशिवायच सायकल चालवतात. तेव्हा तुमच्या गावचे प्रशासन ‘आधी सायकली वाढू द्या, मग मार्गिका बघू’ असे म्हणत असेल, तर जेकबसन यांचा दाखला त्यांच्या उपयोगाचा नाही.