ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये पाण्यातले बेडूक पाळता येतील का?

होय, पण आधी कोणता बेडूक घेत आहात ते पाहावे. दुकानात लहान वयात सारखे दिसणारे दोन आफ्रिकी प्रकार मिळू शकतात. ज्याच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात तो खुजा बेडूक साधारण चार-पाच सेंटिमीटरचाच राहतो आणि नवख्यासाठी तोच योग्य. पुढच्या पायांची बोटे सुटी असलेला नखवाला बेडूक मात्र तळहाताएवढा होतो, पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतो आणि टाकीतले लहान मासे गिळतो.

खुज्या बेडकांच्या जोडीला चाळीस लिटरची, उथळ आणि घट्ट जाळीचे झाकण असलेली टाकी घ्यावी. हे बेडूक फुप्फुसांनी श्वास घेतात, त्यामुळे त्यांना वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. टाकीबाहेर उडी पडली तर ते कोरडे पडून लवकर मरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांच्या त्वचेला घातक असल्याने क्लोरीन काढणारे द्रावण वापरावेच.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची आहे. त्यांना २४ ते २६ अंश तापमान मानवते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी याहून बरेच गरम असते, म्हणून ते निवल्याशिवाय भरू नये, टाकी खिडकीपासून दूर ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा टाकीबाहेर लावावा.

गोठवलेल्या रक्तकिड्या (ब्लडवर्म नावाच्या लाल अळ्या) वितळवून एक दिवसाआड द्याव्यात. बेडूक नको झाले तरी तलावात किंवा खाडीत सोडू नयेत. दुकानदाराला परत करावेत.