मेणवलीचा वाडा नानांचा खरा, पण नानांनंतर तो कुणाचा?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्याची रचना कशी आहे आणि नानांनंतर तो कुणाकडे गेला? दुसरा भाग कुणी सहसा विचारत नाही, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मेणवली वाईच्या अगदी जवळ, कृष्णाकाठी. बाळाजी जनार्दन भानू म्हणजे नाना फडणवीस. 1768 साली औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांनी हे गाव त्यांना इनाम दिलं. त्यानंतर त्यांनी इथे वाडा, नदीला घाट आणि घाटावर मेणेश्वराचं व विष्णूचं अशी दोन देवळं उभी केली.

वाड्याला सहा चौक आहेत. चौक म्हणजे नुसतं अंगण नव्हे. सगळ्या खोल्यांचा उजेड, वारा आणि पावसाचं पाणी त्यावरच अवलंबून असतं; बाहेरच्या भिंतींना मोठ्या खिडक्या ठेवण्याचे ते दिवस नव्हते. पेशवाईतल्या वाड्यांची सर्वसाधारण रीत अशी की पुढच्या चौकात परक्यांची ये-जा आणि कचेरीचं काम चाले, आणि जसजसं आत जावं तसतसं घर खाजगी होत जाई. माळ्याचा भार मुख्यतः सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत) यांच्या सांगाड्यावर असतो. म्हणून जुना वाडा बघताना आधी खांबाचा पाया आणि तुळईची टोकं बघावीत. तिथे ओल शिरली की वरचं सगळं धोक्यात येतं. मेणवलीला भिंतींवरची चित्रंही आहेत. ती रंगीत चित्रं पाहायला घाई करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. तिथल्या छोट्या दगडी घुमटीत एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल कोरलेलं आहे. 1739 च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक.

आता मालकांविषयी. नाना 13 मार्च 1800 ला पुण्यात वारले. मुलगा नव्हता. मागे राहिल्या पत्नी जिऊबाई, वय जेमतेम नऊ वर्षांचं! दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या मालमत्तेवर होता आणि या मुलीला त्याने नजरकैदेत ठेवलं. पुढे त्या लोहगडावर गेल्या. तिथले किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे नानांच्या विश्वासातले. मधल्या काळात पुण्याबाहेर पळालेला बाजीराव पुन्हा गादीवर आल्यावर इंग्रजांच्या जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली, जिऊबाईंना वर्षाला 12,000 रुपयांचं वेतन ठरलं आणि त्या पनवेलला राहायला गेल्या. पेशवाई 1818 ला बुडाल्यावर त्या मेणवलीला परतल्या, दत्तक घेतला आणि अखेरपर्यंत इथेच राहिल्या. वाडा पुढे त्याच घराण्यात राहिला.

माझ्या मते या वाड्याच्या टिकण्यात जिऊबाईंचा वाटा मोठा आहे. नानांना राज्याच्या कामामुळे पुण्याबाहेर निवांत राहणं दुर्मिळच. जिऊबाईंनी मात्र इथे संसार केला, दशकानुदशकं. राहतं घर शाकारलं जातं, गळती दिसली की बुजवली जाते. पुण्यातले कित्येक मातब्बर वाडे गेले आणि हा उभा आहे, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं. नानांच्या कागदांचा मोठा संग्रह 'मेणवली दफ्तर' या नावानेच ओळखला जातो. पेशवाईचा हिशेब ज्याच्या हातात, त्याचे कागद या घरात राहिले म्हणून इतिहासकारांना सापडले. असं असूनही वाड्याची माहिती सांगताना बाईंचं नाव एका ओळीत उरकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

जाणार असाल तर सकाळी जा, आधी घाट बघा आणि मग वाड्यात शिरा. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत कुठवर जायचं आणि फोटो काढायचे का, हे तिथे विचारूनच ठरवा. आणि कुणी माहिती सांगायला भेटलंच, तर जिऊबाई कुठल्या भागात राहत, हे आवर्जून विचारा.