सडपातळ, डौलदार, शेलाटी : चिनी विशेषणांचा घोळ

तुमचा प्रश्न असा, की 'म्याओथ्याओ', 'याओथ्याओ', 'अनुओ' आणि 'थिंगथिंग यूली' या चारही शब्दांपुढे कोशात 'सडपातळ, डौलदार' असंच दिलंय, मग कुठला कधी वापरायचा? मी सांगेन, मराठी अर्थ पाठ करूच नका. तो शब्द कशाला लावतात, ते पाठ करा.

सुरुवात म्याओथ्याओपासून करा, रोजच्या बोलण्यातला तोच. त्याचं पहिलं अक्षर वहीत मोठं काढून बघा: खाली चार खणांचं चौकोनी शेत, वर गवताचं चिन्ह. म्हणजे कोवळं रोप. दुसऱ्या अक्षराचा मूळ अर्थ बारीक फांदी. आपण 'चवळीची शेंग' म्हणतो, अगदी तसंच! 'शनत्साय' म्हणजे बांधा. 'था शनत्साय हन म्याओथ्याओ' म्हणजे तिचा बांधा सडपातळ आहे. इथे 'आहे'साठी वेगळा शब्द घालायचा नाही; आपली मंडळी हटकून घालतात. आणि हा शब्द बायकांपुरताच ठेवा. सडसडीत उंच पुरुषाला किंवा लांबसडक बोटांना 'श्यूछांग' शोभतो.

याओथ्याओ पुस्तकी. 'शिजिंग' या चीनमधल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहाच्या पहिल्याच कवितेत तो येतो, त्यामुळे शिकल्यासवरल्या माणसाच्या कानावर तो असतोच. त्याच्या दोन्ही अक्षरांच्या माथ्यावर गुहेचं चिन्ह आहे. जुन्या टीकाकारांनी त्यात शांत, संयमी वागणं पाहिलं. नुसत्या बारीक कंबरेसाठी तो वापरला की मला फार हळहळ वाटते.

अनुओला हालचाल लागते. वाऱ्यावर डुलणारी विलोची फांदी, नर्तकीचं लवणारं अंग. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या बाईला तो लावू नका, तिथे 'त्वानच्वांग' बरा: नीटनेटकी, भारदस्त, शालीन.

थिंगथिंग यूली याच्या उलट, निश्चल. जेडसारखी ताठ, सुबक उभी. वयात आलेल्या उंच, शेलाट्या मुलीला म्हणतात, पाण्यातून सरळ वर आलेल्या कमळालाही म्हणतात. चार अक्षरांचा हा बांधीव शब्द आहे, त्याच्याआधी 'हन' म्हणजे 'फार' कधीच नको. त्यात 'फार' आधीच आलेलं आहे.

उच्चाराचं एक. चिनीत प्रत्येक अक्षराला आवाजाचा ठरलेला चढउतार, म्हणजे सूर असतो. याओथ्याओमधल्या दोन्ही अक्षरांचा सूर तिसरा, पण बोलताना पहिल्या अक्षराचा सूर दुसऱ्या सुरासारखा वर चढतो. तो आधी कानांनी ऐका, मग लिहायला घ्या.