४ आणि ९ वर्षांच्या मुलांना एकच स्लाइम देऊ नका

ताई, घरातल्या वस्तूंत स्लाइम, म्हणजे हातात दाबायचा-ताणायचा तो लिबलिबीत गोळा, नक्की होतं, त्यासाठी जळगावला खेप मारायची गरज नाही. तुम्ही लिहिलंय की मुलगी ४ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा. दोघांनाही व्हिडिओत दिसतं तसं फेविकॉल आणि बोरॅक्सचं (म्हणजे टाकणखाराचं) स्लाइम हवंय आणि बोरॅक्स म्हटल्यावर सासूबाई नको म्हणतात. धाकटीच्या बाबतीत सासूबाईंचं अगदी बरोबर आहे. थोरल्याला मात्र तुम्ही शेजारी बसणार असाल तर करून द्यायला हरकत नाही. मी भुसावळला राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली पोरं जमवून हेच उद्योग करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी धाकटीचं. या वयात हात तोंडात जाणारच, कितीही डोळ्यात तेल घालून बसलात तरी. त्यामुळे तिच्या परातीत फक्त स्वयंपाकघरातली, खाण्यातली वस्तू असावी. आपल्या खानदेशात त्यासाठी सगळ्यात छान गोष्ट आयतीच तयार होते: कुरडयांचा चीक. होळीनंतर घरोघरी गहू भिजतात. तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवलेले गहू वाटले, पिळले, गाळून रात्रभर ठेवले की सकाळी वरचं पाणी ओतून टाकल्यावर तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तो शिजवायला घेण्याआधी वाटीभर बाजूला काढा, परातीत घाला आणि पोरीला म्हणा, मार बुक्की! मूठ आपटली तर आत जातच नाही. बोट हळूच टेकवलं तर अलगद बुडतं. मुठीत दाबला की गोळा वळतो आणि मूठ उघडली की तोच गोळा बोटांमधून ओघळायला लागतो. चार वर्षांचं लेकरू यात तासभर रमतं. थोडा चाटला तर घाबरण्यासारखं काही नाही, पण कच्चा असतो, पोटभर खाऊ देऊ नका.

हे का होतं ते थोरल्याला सांगा, त्याला कळेल. चिकात गव्हाच्या पिष्टाचे बारीक कण पाण्यात दाटीवाटीनं बसलेले असतात. हळू हलवलं तर कणांमधल्या पाण्याला सरकायला वेळ मिळतो, म्हणून सगळं वाहतं. एकदम दाबलं तर तेवढा वेळ मिळत नाही, कण एकमेकांत अडकतात आणि घट्ट लागतं.

कुरडयांचे दिवस नसतील तर २ वाट्या कॉर्नफ्लोअर आणि साधारण १ वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला, कारण चमचाभर जास्त झालं तरी मजा जाते. (झालंच जास्त तर अजून कॉर्नफ्लोअर घाला.) इथे एक चूक आपल्याकडे हमखास होते. घरात मका असतो, म्हणून चक्कीवरून दळून आणलेलं मक्याचं पिवळं पीठ घेतात. त्यानं होत नाही. त्या पिठात सगळा दाणा आलेला असतो, आपल्याला त्यातलं नुसतं पिष्ट हवं. ते दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून पांढरं, बोटांत दाबलं की करकरणारं मिळतं. कस्टर्ड पावडरही चालते, तीही मुख्यतः कॉर्नफ्लोअरच असते आणि रंग आयता मिळतो.

पण हे ताणलं जात नाही, आणि पोरांना ओढलं की लांब होणारं हवं असतं. त्यासाठी धाकटीला इसबगोलाचं करून द्या. १ चहाचा चमचा इसबगोल १ कप पाण्यात टाकून मंद आचेवर ढवळत राहा. आधी नुसती बुळबुळीत पेज होते, मग हळूहळू दाटते. कडेनं सुटायला लागली की उतरवा आणि पूर्ण, अगदी पूर्ण गार होऊ द्या. आतून फार वेळ गरम राहतं, पोळण्याची भीती तेवढीच. लवचिक, थरथरणारा गोळा मिळतो. चिमूटभर हळद किंवा बिटाचा रस शिजतानाच घाला. कोरडं इसबगोल मात्र लेकराच्या हाती देऊ नका, ते घशात फुगतं.

आता थोरल्याचं. फेविकॉलच्या स्लाइमला टाकणखार लागतो, तोच बोरॅक्स. किराणा दुकानात नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल, कुठे सोहागा म्हणून मागावा लागतो. सोनार दागिन्याला डाग देताना, म्हणजे जोड लावताना, हाच वापरतात, म्हणजे आपल्या जळगावच्या सराफ बाजारात तो रोजच्या कामातला. लाही करून फुलवलेला नको, कच्चा खडा आणून कुटून घ्या. १ कप कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा पूड पूर्ण विरघळवा. हे काम तुमचं, त्याचं नाही. त्याच्याकडे दुसरं भांडं द्या: अर्धा कप पांढरा फेविकॉल एमआर, तितकंच पाणी, रंगाचे दोन थेंब, नीट एकजीव करून. मग टाकणखाराचं पाणी चमच्या-चमच्यानं तुम्ही घालायचं आणि त्यानं ढवळायचं. लगेच गुठळ्या धरायला लागतात आणि पोरं ओरडतात, बिघडलं! बिघडलेलं नसतं. हातात घेऊन मळत राहिलं की चिकटपणा जातो. घाईनं सगळं पाणी ओतलं तर मात्र रबरी होतं आणि ओढलं की तुटतं.

फेविकॉलमध्ये लांबच लांब रेणू सुट्या सुताच्या धाग्यांसारखे एकमेकांवरून घसरत असतात. टाकणखारातलं बोरेट त्यांना जागोजागी गाठी मारतं. या गाठी पक्क्या नसतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. म्हणून सावकाश ओढलं तर स्लाइम ताणतं आणि झटका दिला तर तुटतं. मॅटेल कंपनीनं १९७६ साली पहिल्यांदा स्लाइमची हिरवी डबी विकायला आणली, तिच्यात गोंदाच्या जागी गवारीच्या बियांचा डिंक होता आणि गाठी मारायला बोरॅक्सच. आपल्या भाजीतल्या गवारीचं हे कौतुक मी मुलांना दरवेळी सांगते.

गाठी कशा सुटतात तेही दाखवता येतं आणि मला विचाराल तर स्लाइमपेक्षा हा भाग जास्त मोलाचा आहे. तयार स्लाइमचा लहान तुकडा वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. आंबटानं गाठी सुटतात, बघता बघता पुन्हा पातळ गोंद होतो. त्यात खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीनं घातला की फेस येतो आणि फेस ओसरल्यावर पुन्हा घट्ट होऊ लागतं. मुलाला स्वतः करू द्या. आपण केलेली वस्तू मोडता येते आणि परत जोडता येते हे नऊ वर्षांच्या मुलानं हातानं बघावं असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंच्या काळजीबद्दल. बोरॅक्स पोटात जाणं वाईट, यात वाद नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये पालकांना सांगितलं होतं की घरच्या स्लाइमसारख्या खेळांत बोरॅक्स वापरू नका, कारण त्यातलं बोरॉन हे मूलद्रव्य मुलांच्या पोटात इतर वाटांनीही जातच असतं. त्यामुळे मी हे स्लाइम सहा-सात वर्षांखालच्या मुलाला देत नाही आणि मोठ्यालाही कधीतरीच. हाताला खरचटलेलं असेल, खरूज-नायटा किंवा कातडी फुटलेली असेल तर त्या दिवशी नाही. खेळून झालं की साबणानं हात, मगच खाणं. उरलेला टाकणखार नाव लिहून वरच्या फळीवर, कारण तो दिसायला साखर-मिठासारखाच असतो. आणि करण्याची भांडी वेगळी ठेवा, रोजच्या वाट्या नकोत. तुम्ही बसू शकत नसाल तर थोरल्यालाही इसबगोलाचंच द्या.

व्हिडिओत कॅरमची पावडर वापरतात ती बहुतेक बोरिक पावडर असते. टाकणखार नाही म्हणून ती बिनधास्त, असं नाही, बोरॉन तेच. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याचंही तसंच, त्यात बोरेट असेल तरच स्लाइम होतं. शाम्पूत मीठ किंवा टूथपेस्ट घालून करतात ते करू नका, त्यात गाठी मारणारं काहीच नसतं, शाम्पू फक्त दाटतो आणि डोळ्यात गेला तर पोरगं रडतं ते वेगळंच. दुकानातल्या पारदर्शक गोंदांपैकी काही चालतात, काही नाहीत, म्हणून आधी चमचाभर घेऊन बघा. फेविक्विक मात्र कधीच नाही, ते पूर्ण वेगळं रसायन आहे, बोटं चिकटतात.

फेविकॉलचं स्लाइम घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस टिकतं, पण आपल्या मे महिन्यात उघडं राहिलं तर दुपारपर्यंत वाळून चिवट होतं. वास आला किंवा डाग दिसला की फेकायचं. चीक, कॉर्नफ्लोअर आणि इसबगोलाचं त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं. यातलं काहीही मोरीत ओतू नका, पिष्ट खाली बसून नळी तुंबते. चीक आणि कॉर्नफ्लोअर ताटात वाळवून कचऱ्यात टाका. फेविकॉलचं कागदात गुंडाळून टाका, गुरांच्या उकिरड्यावर नको. गादीला किंवा फ्रॉकला चिकटलं तर खरवडू नका. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पाच-दहा मिनिटं थांबा, मग कोमट पाण्यानं धुवा. केसांत गेलं तरी कात्री उचलू नका, तिथेही व्हिनेगरच, फक्त लेकराचे डोळे कापडानं झाकून.