वाचकांचे प्रश्न : चौकटीच्या कडेचा हात

प्रश्न : भूकंपाच्या बातमीतील हजारो मृतांचा आकडा वाचून मी पान उलटते, मात्र त्याच पानावरच्या एखाद्या छायाचित्राने दिवसभर अस्वस्थ होते. असे का व्हावे? आणि अशी चित्रे पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात चोरून डोकावणे नव्हे का?

उत्तर : हा तुमचा कोरडेपणा समजू नका. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा एकाच मुलीची ओळख करून दिलेल्यांनी अधिक मदत दिली. त्याहून चमत्कारिक म्हणजे, मुलीच्या जोडीला आकडेवारीही मांडली तेव्हा देणाऱ्यांचा हात आखडला.

तरीही प्रत्येकच चित्र मनात रुतत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातील कहरामानमाराश येथे आदेम आल्तान यांनी टिपलेल्या छायाचित्रात एक बाप ढिगाऱ्यात बसला आहे आणि काँक्रीटखाली गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा बाहेर राहिलेला हात त्याने धरून ठेवला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील कडलूर येथे अर्को दत्ता यांनी काढलेल्या छायाचित्रात एक स्त्री वाळूवर पालथी पडून आक्रोश करते आहे, आणि मृत नातलगाचा केवळ हात चौकटीच्या कडेला दिसतो. दोन्हीकडे मृताचा चेहरा आपल्यापासून राखून ठेवलेला आहे, आणि त्या रिकाम्या जागी आपण नकळत आपल्या घरातले कोणीतरी पाहतो. माझ्या मते या चित्रांचे बळ तेथेच आहे. छिन्नविच्छिन्न देह दाखवला की आपण डोळे फिरवतो; धरलेल्या हातावरून ते फिरवणे जड जाते, कारण हात धरणे आपल्या रोजच्या परिचयाचे असते.

डोकावण्याची तुमची शंका मात्र रास्त आहे. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर, गोळी लागून मेलेल्या एका मुलीच्या मृतदेहाभोवती छायाचित्रकारांचा घोळका कॅमेरे रोखून बसलेला दुसऱ्या एका छायाचित्रकाराने टिपला, तेव्हा अनेकांना त्या व्यवसायाचीच शिसारी आली. याउलट आल्तान यांनी सांगितले आहे, की ते काही अंतरावर असताना त्या बापानेच हलक्या आवाजात हाक मारून, माझ्या मुलीचे चित्र काढा, असे म्हटले होते. काही शोकग्रस्तांना साक्षीदार हवा असतो. काहींना नको असतो, आणि मृतांना तर विचारताच येत नाही. म्हणून मी चित्राआधी त्याखालची ओळ वाचतो. ती कुठले, कधीचे, कशामुळे हे सांगत असेल तर छापणाऱ्याने त्या व्यक्तीला माणूस मानले, एवढे तरी धरता येते.

प्रश्न : मदत करायची सोडून छायाचित्रकाराला कॅमेरा कसा उचलवतो?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत कडवटपणे फ्रँक फूर्निए यांना विचारला गेला. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुइस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन शिखरावरचे बर्फ वितळले आणि त्यातून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी आर्मेरो हे गाव गाडून टाकले. एकूण सुमारे २३,००० माणसे मेली. तेथे गळ्यापर्यंत पाण्यात, पाय ढिगाऱ्यात अडकलेल्या तेरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र फूर्निए यांनी काढले. ते पोहोचले तेव्हा ती जवळजवळ एकटीच होती, भोवती मोजकीच माणसे होती, आणि तिला सोडवण्याची यंत्रसामग्री नव्हती. ती काही तासांतच गेली. तिला गिधाडासारखे टिपल्याचा आरोप त्यांच्यावर झाला, आणि तेच छायाचित्र पुढे ‘वर्ल्ड प्रेस फोटो’च्या सर्वोच्च पुरस्कारास पात्र ठरले. छायाचित्रकाराच्या दोन हातांनी ती सुटली असती असे मला वाटत नाही. त्याने कॅमेरा ठेवला असता तर आपली चीड शमली असती, एवढेच. ती चीड जायला हवी होती दुसरीकडे : धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधीच तयार होता, त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते, आणि तरीही गाव वेळेत रिकामे केले गेले नाही. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही. ते त्याखालच्या ओळीतच लिहावे लागते.