पोटॅशियम कमी झालं की ठोक्यांचं काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की आईच्या ईसीजीत क्यूटी (म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी परत जाग्यावर येईपर्यंतचा वेळ) जास्त आला आणि डॉक्टरनी लगेच पोटॅशियम तपासायला लावलं, तर ह्या दोघांचा संबंध काय. मी कोल्हापुरात ईसीजी काढायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ठोका सुरू कसा होतो तेच सगळे विचारतात, पण माझ्या मते खरी गंमत ठोका पडल्यावर पेशी परत जाग्यावर कशी येते त्यात आहे. हृदयाची पेशी निवांत असताना आत साधारण उणे 90 मिलिव्होल्ट असतं, मग सोडियम झटक्यात आत शिरतं, मागनं कॅल्शियम येतं, पेशी आवळते, आणि पोटॅशियमचे चॅनेल, म्हणजे पेशीच्या भिंतीतली दारं, उघडून ते बाहेर पडायला लागलं की मगच व्होल्टेज खाली उतरतं. कागदावर शेवटी जो टी नावाचा उंचवटा दिसतो ना, तो ह्या उतरण्याचाच. उतरायला वेळ लागला की क्यूटी लांबतो. 500 मिलिसेकंदाच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, कारण पेशी सावरायच्या आत मध्येच ठिणगी पडली तर ठोके वेडेवाकडे धावत सुटतात, माणूस चक्कर येऊन पडतो, कधी जिवावरही बेतू शकतं.

आता रक्तात पोटॅशियम कमी म्हणजे आतलं उलट जोरात बाहेर पडायला पाहिजे, असं वाटतं की नाही? पण पोटॅशियम बाहेर सोडणारा हर्ग नावाचा जो मुख्य चॅनेल आहे, त्याला बाहेर पुरेसं पोटॅशियम असल्याशिवाय नीट कामच करता येत नाही. म्हणून रक्तातलं पोटॅशियम लिटरला 3.5 मिलिमोलच्या खाली गेलं की क्यूटी लांबू शकतो. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल किंवा जुलाब झाले असतील तर ते आधी सांगा.

आणि हो, गोळ्यांची यादी पण न्या. हाच हर्ग चॅनेल कितीतरी औषधं अडवतात, टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी अमेरिकेत 1998 ला ह्याच भानगडीत बंद झाली. आपल्याकडं तांबडा-पांढरा जरा जास्त झाला की लोक मेडिकलमधनं पित्ताची गोळी घेतात, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत डॉम्पेरिडोन असतं, ते पण त्यातलंच. वर कुणी ॲझिथ्रोमायसिन हे क्यूटी लांबवू शकणारं अँटिबायोटिक दिलं की झालं!

फक्त रिपोर्ट यायच्या आधी शहाळ्यांचा मारा करू नका, किडनी कमजोर असली तर पोटॅशियम चढतं आणि ते पण तेवढंच वाईट, मग टी एकदम टोकदार दिसायला लागतो.