दहा हजार चित्रांची गर्टी

प्रश्न: मुलीला जुनी कार्टून्स दाखवताना गर्टी नावाच्या डायनासोरची एक मूक फिल्म दिसली. कॉम्प्युटर नसताना हे केलं कसं हो?

उत्तर: हाताने, सगळं हाताने! विन्सर मॅके हा अमेरिकन पेपरांत चित्रं काढणारा माणूस, त्याने 1914 च्या गर्टीसाठी जवळपास 10,000 चित्रं काढली, पातळ राइस पेपरवर, आणि तेव्हा तो पारदर्शक सेल्युलॉइड (मागच्या एकाच चित्रावर ठेवता येणारी आरपार दिसणारी प्लास्टिकची शीट) वापरत नव्हता त्यामुळे मागचे डोंगर, तळं हेसुद्धा प्रत्येक कागदावर नव्याने काढावं लागायचं, ते काम एका तरुण मदतनीसाने केलं. म्हणूनच रेषा किंचित थरथरतात, नीट बघा, मला तर तेच फार आवडतं.

आधी 1912 मध्ये त्याने डासावर फिल्म केली होती, रक्त पिऊन पिऊन शेवटी फुटणारा डास!

आणि गर्टी मुळात स्टेज शोसाठी होती. मॅके स्वतः चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा, हुकूम सोडायचा, ती ऐकायची, ओरडला की चक्क रडायची. शेवटी तो पडद्यामागे जायचा आणि लगेच चित्रातला मॅके गर्टीवर बसून निघायचा. मुलीला हे सांगून परत दाखवा.